‘बटन कुठी गेलं बाप्पा?’ – ट्रायलवालं विंडोज, पहिले ग्राहक आणि माझी एक चूक



दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. “सर, विंडोज १० चा सपोर्ट तर संपला. नवीन विंडोजचं टेस्टिंगवालं व्हर्जन फुकट मिळते म्हणतात. टाकून पाहू का दुकानात?”

उत्तर खाली देतोच. पण त्याआधी एक किस्सा सांगावा लागेल. कॅमेऱ्यासमोर तो मी कधी सांगितला नाही, कारण त्यात माझी चांगलीच फजिती आहे. लिहिताना जरा सोपं जातं.

साल २०१२. बीबीए होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दारव्ह्यात बसस्टँडच्या रोडवर दहा बाय बाराचं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, मोबाइल रिचार्ज. कॉम्प्युटर दोन. एक जुना, एक्सपीवाला, त्यालाच प्रिंटर जोडलेला. दुसरा नवाकोरा, विंडोज ७ चा. बाबांनी तूर विकून आलेल्या पैशातून घेऊन दिलेला. घेताना एवढंच म्हणाले होते, “पाहून वापरजो.”

२९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टने बार्सिलोनामध्ये विंडोज ८ चं ‘कन्झ्युमर प्रिव्ह्यू’ जाहीर केलं. म्हणजे माल अजून बाजारात यायचा आहे, पण सॅम्पल कुणीही फुकट उतरवून घ्या, वापरा आणि आम्हाला सांगा. पहिल्या चोवीस तासांत दहा लाख डाउनलोड झाले असं कंपनीने सांगितलं. त्या दहा लाखांत मी नव्हतो, कारण माझा इंटरनेट प्लॅन रात्री दोन ते सकाळी आठ एवढाच फुकट चालायचा. साधी ३२ बिटवाली फाइल अडीच जीबीची. त्यात आमचं लोडशेडिंग. तीन रात्री जागलो, एकदा फाइल अर्ध्यात तुटली, पुन्हा पहिल्यापासून. पण हौस! दारव्ह्यात सगळ्यात आधी विंडोज ८ आपल्याकडे, हे लोकांना दाखवायचं होतं.

आणि मी ते टाकलं कुठे? त्याच नव्या मशीनवर. विंडोज ७ पूर्ण पुसून.

चालू करताना स्क्रीनवर एक मासा दिसायचा. बेट्टा नावाचा मासा असतो, इंग्रजीत तो ‘बीटा’सारखाच ऐकू येतो, म्हणून कंपनीवाल्यांनी केलेली गंमत. बीटा म्हणजे विक्रीच्या आधीचं ट्रायल व्हर्जन. मला ती गंमत नंतर कळली. तेव्हा वाटलं, वा, काय डिझाइन आहे.

आता खरी मजा. दुकानात रोज जी मंडळी यायची, त्यांना मी ते मशीन वापरायला दिलं. माझं स्वतःचं मत आधी सांगतो. मशीन इतकं झटपट चालू व्हायचं की मी खूश. जुना एक्सपीवाला बटन दाबून ठेवा, चहा पिऊन या, तेव्हा तयार. इथे तसं काही नाही. समोर रंगीत चौकोनी डबे, मोबाइलसारखे. मी मनात दहापैकी नऊ मार्क देऊन मोकळा.

शेजारच्या किराणावाल्याचा नववीतला पोरगा आला. दहा मिनिटांत सगळं इकडून तिकडे फिरवून म्हणाला, “एक नंबर आहे दादा.” त्याला काही शिकवावंच लागलं नाही.

आमच्याकडे टायपिंगला एक ताई यायच्या. वकिलांचे अर्ज, शपथपत्रं. हात इतका बसलेला की बोलता बोलता टाइप करायच्या. त्या बसल्या आणि थांबल्या. माउस डाव्या कोपऱ्यात नेला, परत आणला, परत नेला. “स्टार्ट कुठे आहे?” मी सांगितलं, ताई, ते आता नाही, कोपऱ्यात माउस नेऊन थांबायचं, मग छोटं चित्र येते, त्यावर क्लिक. त्यांनी केलं. पूर्ण स्क्रीनच बदलली, टाइप करत होत्या ते पानच नजरेआड झालं. त्या घाबरल्या. “माझं अर्ध लिहिलेलं गेलं का?” गेलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या उठून जुन्या एक्सपीवर जाऊन बसल्या, आणि पुढे नव्याकडे फिरकल्या नाहीत.

चौथे, आमचे एक रिटायर्ड गुरुजी. रोज संध्याकाळी मुलाचा मेल आला का पाहायला यायचे, मुलगा बाहेरदेशी. त्यांना वही-पेन्सिलने मीच शिकवलेलं होतं: डावीकडे खाली स्टार्ट, मग शट डाउन. ते मशीनसमोर बसले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, “बटन कुठी गेलं बाप्पा?” मेल कसाबसा पाहिला. मग बंद करायची वेळ आली. तेव्हाच्या विंडोज ८ मध्ये बंद करायचं म्हणजे माउस उजव्या कोपऱ्यात न्या, एक पट्टी बाहेर येईल, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाउन. गुरुजींना तीन वेळा सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी सरळ भिंतीवरचा स्विच बंद केला.

मी हसलो. पोरगं हसलं. गुरुजीही हसले. आणि मी मनात म्हटलं, जुनी माणसं, सवय होईल हळूहळू.

चार माणसांपैकी दोघं खूश, दोघं अडखळलेली. ज्यांच्याकडून मला रोजचा धंदा मिळत होता, ते दोघं अडखळणाऱ्यांत होते. हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

जूनमध्ये काय झालं ते ऐका. दहावीचे निकाल लागले, अ‍ॅडमिशनचा सीझन. आमच्या धंद्याची ती दिवाळी असते. शेवटच्या तारखेला सकाळी व्होल्टेज वर-खाली झालं आणि जुन्या एक्सपीवाल्याचा पॉवर सप्लाय जळाला. वास आला, संपला विषय. दुकानात पंधरा पोरं उभी. त्यात जवळच्या खेड्यातली एक मुलगी, वडिलांसोबत आलेली. डिप्लोमाचा फॉर्म भरून झाला होता, फक्त प्रिंट काढून, सह्या करून यवतमाळला पाच वाजायच्या आत जमा करायची होती. दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, एसटी कधी मिळेल त्याचा भरवसा नाही.

प्रिंटर काढून नव्या मशीनला जोडला. प्रिंटरच्या कंपनीने त्या ट्रायल व्हर्जनसाठी ड्रायव्हरच काढलेला नव्हता. काढणार तरी कशाला, माल अजून बाजारातच नाही. विंडोज ७ चा ड्रायव्हर टाकून पाहिला, चालला नाही. परत विंडोज ७ टाकायचं तर सगळं पुसून, सीडीवरून, पहिल्यापासून. प्रिव्ह्यूवरून मागे जायचा दुसरा रस्ताच नव्हता. डाउनलोड करताना हे तिथे लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं.

शेवटी पेनड्राइव्ह घेऊन त्यांना मीच रोडच्या पलीकडच्या दुकानात घेऊन गेलो. तो माझा कॉम्पिटिटर. त्याने काही न बोलता प्रिंट काढून दिली, दहा रुपये घेतले. मुलगी वेळेत पोहोचली, तिचं काम झालं. पण त्या दिवशीची बाकीची पोरंही तिकडेच गेली. आणि त्या खेड्यातले लोक, जे बाजारच्या दिवशी हमखास माझ्याकडे यायचे, ते पुढची कित्येक वर्षं पलीकडच्याच दुकानात दिसायचे. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. नुसते येईनासे झाले.

चूक सरळ माझी होती. ट्रायलचा माल मी गल्ल्यावरच्या मशीनवर चढवला होता.

आता माझ्या दुकानातून जरा बाहेर पडू. कारण गुरुजींनी जे विचारलं, तेच तेव्हा जगभरातले लोक विचारत होते. सप्टेंबर २०११ मध्ये फक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी एक प्रिव्ह्यू आलं होतं, त्यात कोपऱ्यात स्टार्टचं बटन तरी होतं, दाबलं की डबेवाली स्क्रीन यायची. २०१२ च्या कन्झ्युमर प्रिव्ह्यूमध्ये ते बटनही काढून टाकलं. आधीच्या व्हर्जनपासून कोडमध्ये एक लाखावर बदल केले, असं कंपनी अभिमानाने सांगत होती. पण लोकांच्या डोळ्यात भरला तो एकच.

कंपनीने हे उगाच केलं नव्हतं बरं का. त्यांच्याकडे आकडे होते. व्हिस्टापेक्षा विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी कमी झाला, लोक आता आयकॉन खालच्या पट्टीवर लावून ठेवतात, असं त्यांनी २०११ मध्येच जाहीरपणे मांडलं होतं. आकडा खोटा नव्हता. पण तो कुणाचा? ज्यांनी ‘आमच्या वापराची माहिती पाठवा’ याला हो म्हटलं त्यांचा. आमच्या ताई आणि गुरुजी त्या मोजणीत कुठून असणार? आणि एखादी गोष्ट कमी वापरली जाते म्हणजे ती नको आहे, असंही नसते. घराचा मागचा दरवाजा दिवसातून एकदाच उघडतो. तो बुजवून पाहा.

मे २०१२ च्या अखेरीस रिलीज प्रिव्ह्यू आलं, बटन नव्हतंच. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ बाजारात आलं, तरी बटन नव्हतंच. सॅम्पल वाटलं, लोकांनी चव घेतली, तोंड वाकडं केलं, आणि माल तसाच दुकानात लावला. वर्षभराने, १७ ऑक्टोबर २०१३ ला, विंडोज ८.१ आलं, त्यात बटन परत आलं. पूर्ण स्टार्ट मेनू यायला विंडोज १० उजाडावं लागलं. गुरुजींना मी तेव्हा सांगितलंसुद्धा, “गुरुजी, तुमचं ऐकलं बरं त्यांनी.” ते म्हणाले, “लय लवकर ऐकलं!”

विंडोज १० च्या वेळी मायक्रोसॉफ्टने रीतच बदलली, आणि आपल्यासारख्यांसाठी बघण्यासारखं ते आहे. ३० सप्टेंबर २०१४ ला घोषणा केली, दुसऱ्याच दिवशी ट्रायल व्हर्जन दिलं. सोबत ‘इन्सायडर प्रोग्राम’ सुरू केला. म्हणजे फुकट सॅम्पल घेणाऱ्याचं नाव नोंदवायचं, त्याला मत पाठवायला आतच सोय द्यायची, आणि त्यातून सुधारलेला माल पुन्हा त्यालाच दाखवायचा. दोन आठवड्यांत दहा लाख लोकांनी नाव नोंदवलं, दोन लाखांवर मतं आली. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० बाजारात आलं तोवर नोंदवलेले लोक पन्नास लाखांच्या घरात होते. दहा महिने लोक वापरतायत, सांगतायत, आणि दर काही दिवसांनी नवीन बिल्ड येतेय.

त्या पहिल्या दोन आठवड्यांतला एक आकडा मला फार आवडतो. कंपनीने सांगितलं की फक्त ३६ टक्के लोकांनी ते व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकलं, म्हणजे आपल्या चालू कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार करून त्यात. बाकी ६४ टक्क्यांनी थेट खऱ्या मशीनवर. कंपनी यावर खूश होती, कारण खऱ्या मशीनवरच खऱ्या अडचणी कळतात. मी वाचून मात्र म्हटलं, या ६४ टक्क्यांत माझ्यासारखे शहाणे किती असतील!

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, चला, मोठी कंपनी शिकली, ग्राहकाचं ऐकायला लागली, गोष्ट संपली. नाही. खरी गोष्ट २०१८ ची आहे, आणि आमच्या क्लासमध्ये मी ती दर बॅचला सांगतो.

२ ऑक्टोबर २०१८. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी. त्या दिवशी विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं. तीन-चार दिवसांत लोक ओरडायला लागले: अपडेट केलं आणि डॉक्युमेंट्समधल्या फाइलीच गायब. फोटो गायब. कंपनीने घाईघाईने अपडेट थांबवलं. कारण काय निघालं? काही लोक डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हला हलवतात. आपणही करतो. तसं केलं तरी जुन्या जागी एक फोल्डर उरतो. “हा रिकामा डुप्लिकेट फोल्डर दिसतो, तो काढा ना” अशी आधीच्या अपडेटच्या वेळी लोकांचीच तक्रार होती. कंपनीने ऐकलं आणि तो फोल्डर काढून टाकायची सोय या अपडेटमध्ये घातली. पण काही जणांच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये फाइली होत्या. त्याही गेल्या.

आता पुढचं लक्ष देऊन वाचा. ही फाइली गायब व्हायची तक्रार काही इन्सायडर लोकांनी अपडेट बाजारात यायच्या आधीच नोंदवलेली होती! ती ढिगात पडून राहिली. कारण तिथे तक्रारीला लोक ‘मलाही हाच त्रास आहे’ म्हणून मत देतात, आणि जास्त मतांची तक्रार वर येते. रंग आवडला नाही, आयकॉन वाकडं दिसते, याला ढीगभर मतं. माझ्या फाइली गेल्या, याला मोजकी. त्यातून या वेळी बाजारात सोडण्याआधीची शेवटची चाचणीची पायरी, रिलीज प्रिव्ह्यू, तीही वगळली होती. कंपनीच्या हिशोबाने फाइली गेल्याच्या तक्रारी किती आल्या? अपडेट केलेल्यांच्या एक टक्क्याचा शंभरावा भाग. दहा हजारांत एक. पण ज्याच्या लग्नाचे फोटो गेले, त्याचं शंभर टक्के गेलं.

१३ नोव्हेंबरला ते अपडेट दुरुस्त होऊन परत आलं. आणि कंपनीने तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: तुमचा त्रास किती गंभीर आहे? म्हणजे किती लोकांना त्रास आहे हे वेगळं आणि किती मोठा त्रास आहे हे वेगळं. एवढी साधी गोष्ट कळायला त्यांना महिनाभराची नाचक्की लागली.

आमच्या बॅचला दिग्रसकडच्या एक ताई होत्या. जवसाची चटणी करतात, आणि करतात म्हणजे काय, नुसती भाकरीसोबत खात राहावी अशी. यवतमाळला दत्त चौकातल्या एका दुकानदाराने त्यांना ६० पाकिटांची पहिली ऑर्डर दिली होती. त्याआधी त्यांनी माझ्या सांगण्यावरून ४० छोटी सॅम्पल पाकिटं वाटली होती: नातेवाईक, बचत गटातल्या बाया, शेजारपाजार. सगळ्यांचं मत वहीत. पानं भरली होती “छान आहे”, “तिखट थोडं कमी करा”, “मीठ बरोबर”, “पाकिटावर फोटो टाका” असल्या मतांनी. दोन-तीन जणींना लसूण जास्त हवा होता. ताई क्लासमध्ये वही दाखवून विचारत होत्या, लसूण वाढवू का?

मी वही चाळत होतो. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ: “म्हातारी आजी – मले खवट लागली.” ताई म्हणाल्या, “ते सोडा सर, त्यांच्या तोंडाची चवच गेली आहे. बाकी ३९ जणांना आवडली ना.”

मला एकदम ती २०१८ ची तक्रार आठवली. लसूण म्हणजे आयकॉनचा रंग. खवट म्हणजे फाइली गेल्या. मी म्हटलं, ताई, आजींना एवढंच विचारून या की पाकीट कधी फोडलं.

दोन दिवसांनी फोन आला. आजींनी पाकीट डब्यात ठेवून दिलं होतं आणि १९ व्या दिवशी फोडलं. बाकी ३९ जणांनी? दोन-चार दिवसांत संपवलेलं. घरची चटणी कोण ठेवते! म्हणजे ४० पैकी एकाच माणसाने तो माल दुकानात राहतो तसा ठेवून खाल्ला होता. बाकीच्यांचं मत खोटं नव्हतं, पण ते ताज्या चटणीचं मत होतं. दुकानाच्या फळीवर पाकीट ताजं राहत नाही. जवसात तेल भरपूर, वाटून ठेवलं की ते लवकर खवट होते, हे आपल्या घरी सगळ्यांना माहीत असते. पण पाकिटावर लेबल लावताना आपण ते विसरतो.

ताईंनी मग आठ पाकिटं बंद करून ठेवली आणि दर आठवड्याला दोन फोडून पाहिली. तिसऱ्या आठवड्यात वास आला. जवस भाजून गरम गरमच वाटून भरत होत्या, ते पूर्ण थंड करून भरायला लागल्या, त्याने थोडा फरक पडला, पण महिनाभर टिकेल असं काही झालं नाही. शेवटी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं: ६० नको, २० घ्या, १५ दिवसांत विकली नाहीत तर परत द्या, मी नवी देते. दुकानदार थोडा कुरकुरला. पण तयार झाला. पहिली साठच्या साठ गेली असती आणि चौथ्या आठवड्यात एखाद्याने तोंड वाकडं करून पाकीट परत आणून आदळलं असतं, तर दुसरी ऑर्डर आली असती का, हे तुम्हीच सांगा.

सॅम्पल वाटताना बहुतेक जण कुणाला वाटतात? ज्यांना आपण आवडतो त्यांना. मावशी तुमच्या लोणच्याला वाईट म्हणणार नाही. टेस्टिंगवालं विंडोज हौसेने उतरवून घेणारा आणि मावशी, दोघं एकाच जातीचे: आधीच तुमच्या बाजूचे. त्यांचं ऐकाच, पण त्यांच्यात एक-दोन गुरुजी आणि एक आजी मुद्दाम मिसळा. आणि मत ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, त्याला ‘छान’शिवाय उत्तर नाही. कधी फोडलं, कशासोबत खाल्लं, उरलं किती, कुणाला दिलं, हे विचारा. मी तर आता दुकानात नवीन मशीन आलं की ग्राहकाला काही न सांगता बसवतो आणि फक्त त्याचा हात कुठे अडतो ते पाहतो. बोलत नाही. न बोलता पाहणं मला फार कठीण जाते, ट्रेनर माणूस आहे शेवटी.

आता तुमचा मूळ प्रश्न. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खरं आहे. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट येणं थांबते, आणि बँकेचं, आधारचं, लोकांच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या दुकानाला ते परवडत नाही. घरगुती वापराच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, त्याची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर दिसते. तेवढा वेळ मिळतो, तो वापरा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६-१७ च्या आधीची बहुतेक मशीन त्यात बसत नाहीत. २०२१ मध्ये जून अखेरीस विंडोज ११ चं पहिलं ट्रायल व्हर्जन आलं तेव्हा न बसणाऱ्या मशीनवाल्या जुन्या इन्सायडरांनाही वापरू दिलं होतं, आणि ५ ऑक्टोबरला खरं व्हर्जन यायची वेळ आली तेव्हा त्यांना सांगितलं, आता परत विंडोज १० वर जा. ट्रायल ही ट्रायलच असते. विंडोज ८ च्या प्रिव्ह्यूलाही १५ जानेवारी २०१३ ही मुदत होतीच.

तर काउंटरच्या मशीनवर टेस्टिंगवालं व्हर्जन टाकू का? नाही. हौस असेल तर जुना लॅपटॉप घ्या, ज्यात बिलिंग नाही, ग्राहकाची कागदपत्रं नाहीत, आणि तिथे टाका. त्यातही कॅनरी आणि डेव्ह ही चॅनल कच्च्या मालाची आहेत, त्यातून बाहेर पडायचं म्हणजे सहसा सगळं पुसून पुन्हा टाकावं लागते. बीटा त्यापेक्षा बरं. रिलीज प्रिव्ह्यू म्हणजे जवळजवळ तयार माल. टाकण्याआधी सगळ्या फाइलींची कॉपी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवलेली. आणि साधं विंडोज ११ टाकणार असाल, तरी आवडलं नाही तर मागे जायची सोय दहाच दिवस असते, म्हणून त्या दहा दिवसांत दुकानातलं प्रत्येक काम एकदा करून पाहा. नुसतं चालू होते म्हणून खूश होऊ नका. प्रिंट काढा, स्कॅन करा, अंगठ्याचं मशीन लावून पाहा, बिलिंग उघडा, तुमच्या मराठी टायपिंगच्या जुन्या फाइली उघडून अक्षरं तीच दिसतात का बघा. माझा अनुभव असा की अडते ते नेहमी या कडेच्या वस्तूंपाशी.

मी स्वतः मागच्या खोलीत एक सेकंडहँड लॅपटॉप ठेवला आहे, त्यावर विंडोज ११ चं रिलीज प्रिव्ह्यू चालू आहे. शेजारी वही. गुरुजी आता सत्तरीपार, पण संध्याकाळी अजून येतात, नातवासोबत व्हिडिओ कॉल करायला. त्यांना मी मुद्दाम त्यावरच बसवतो. पहिल्या दिवशी ते डाव्या कोपऱ्यात बटन शोधत होते, कारण विंडोज ११ मध्ये ते मधोमध आलं आहे. वहीत लिहून घेतलं. सेटिंग बदलून डावीकडे करता येते, तसं करून दिलं. कॉल नीट लागतो. टायपिंगवाल्या ताईंच्या जुन्या फाइलींपैकी बहुतेक उघडल्या, दोन फाइलींतली अक्षरं बदलली, त्याचा फॉन्ट शोधतोय. अंगठ्याचं मशीन चालते. स्कॅनर मात्र एक पान काढलं की दुसऱ्याला अडकतोय, कंपनीला फोन करून झाला, अजून उत्तर नाही.

तो जमेपर्यंत काउंटरवरच्या मशीनला मी हात लावणार नाही. पुढच्या रविवारच्या व्हिडिओत ही वही कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवतो. तोवर तुमच्या दुकानात काय काय अडलं ते कमेंटमध्ये लिहा, मशीनचं साल आणि प्रिंटरचं मॉडेल टाकायला विसरू नका.